कुंडलिकेचं पाणी वाचताना

कोलाडच्या वरच्या अंगाला, भिऱ्याकडून येणारी कुंडलिका सकाळी पाणी सुटल्यावर भरून येते. अशा वेळी तिच्यातला एकच खळाळ निवडावा आणि काठच्या कातळावर बसून तो नीट बघावा, अशी माझी शिफारस असते. सगळी नदी एकदम बघायला गेलं की डोळ्यांना नुसता फेस दिसतो आणि कानांना नुसती गाज ऐकू येते. एका खळाळावर नजर ठरली की मात्र त्याची बांधणी कळू लागते. कुठलं पाणी पुढे धावतंय, कुठलं चक्क मागे येतंय, कुठलं बुडी मारून दहा हात पुढे वर उसळतंय, हे सुटं सुटं दिसायला लागतं. मग वरच्या वळणावरून एखादी कयाक येते, या सगळ्यातून अर्ध्या मिनिटात पार होते आणि खालच्या एका धोंड्याआड जाऊन थांबते. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल मला लिहायचं आहे. धावत्या पाण्यातल्या वल्हवण्याबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक 'थरार' या शब्दापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. थरार असतोच. पण जो माणूस हे काम खरोखर उत्तम करतो त्याच्या चालवण्यात थरार जवळजवळ दिसत नाही. या कलेतला रस मला सापडतो तो तिथे.

खळाळाची मांडणी आधी सांगतो. नदी इथे डावीकडे वळते. वळणावर वेगाचं पाणी बाहेरच्या काठाकडे फेकलं जातं, म्हणून मुख्य धार उजव्या काठाला जाऊन घासते. त्या काठावर पुराने मुळं उघडी पाडलेलं एक झाड पाण्यावर आडवं झालंय. त्याच्या फांद्यांचे शेंडे धारेत बुडालेले असतात आणि सारखे थरथरत असतात. वळणाच्या मधोमध तीन मोठे धोंडे. त्यांतल्या दोघांमधून पाणी निमुळतं होत घसरतं आणि लगेच एका कातळी पायरीवरून पडतं. पायरी उंच नाही, माणसाच्या कमरेइतकी. तिच्याखाली पाणी पांढरं होऊन स्वतःवरच उलटतं. त्याच्याही खाली, डाव्या काठाला, एक भला मोठा काळा धोंडा आणि त्याच्या आडोशाला काळंशार, जवळजवळ सपाट पाणी. एवढंच. इथल्या रॅपिडना राफ्टवाल्यांनी 'गुड मॉर्निंग', 'राजधानी एक्सप्रेस' अशी नावं ठेवली आहेत आणि ती गाइडच्या तोंडी पक्की बसली आहेत. पण नाव ऐकलं की माणूस रॅपिडची कीर्ती बघतो, पाणी बघत नाही. म्हणून माझ्या खळाळाचं नाव मी सांगत नाही.

एक ते सहा अशी रॅपिडची आंतरराष्ट्रीय श्रेणी असते. कुंडलिकेचे खळाळ साधारण दोन-तीनमध्ये येतात, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. पण ही श्रेणी दगडावर कोरलेली नसते. तोच खळाळ पाणी वाढलं की वेगळा होतो, झाड पडलं की वेगळा होतो, आणि ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी तर पहिल्यापासूनच वेगळा असतो.

आता कयाक येते. ज्यांना मी इथे बघत आलो त्यांतली एक चालवणारी मला विशेष आवडते. तिचंच उतरणं डोळ्यांपुढे ठेवतो.

ती आधी थांबते. वळणाच्या वर, डाव्या काठाजवळच्या एका दगडामागे. धारेत दगड आला की पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून जातं, पाठीमागे पोकळी उरते आणि ती भरायला खालचं पाणी उलट वर सरकतं. वल्हवणारे याला 'एडी' म्हणतात. धावणारं पाणी आणि मागे येणारं पाणी यांच्यामध्ये एक शिवण असते. जोराच्या नदीत ही शिवण म्हणजे नुसती रेघ नसते. तिथे पाण्याची पातळीच बदलते, लहान लहान भोवरे उठतात आणि विरतात. नवखा माणूस उलटतो तो पुष्कळदा मोठ्या लाटेत नव्हे, या शिवणीवर. होडीचं नाक थांबलेल्या पाण्यात, शेपूट धावत्या पाण्यात, अशा क्षणी अंग चुकीच्या बाजूला कललं की पाणी होडीच्या कडेवर चढतं आणि ती पालथी करतं. एडीत शिरताना अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं आणि एडीतून बाहेर पडताना प्रवाहाच्या दिशेला. सांगायला सोपं आहे. शरीराला मात्र पहिल्यांदा नेमकं याच्या उलट करावंसं वाटतं, कारण घाबरलेलं अंग अंगावर येणाऱ्या पाण्याकडेच कलतं.

ती वेगात येते, शिवण तिरकी कापते, दगडाला जवळजवळ खेटून आत शिरते. वल्ह्याचं पातं निवांत पाण्यात उभं रोवते आणि होडी त्या पात्याभोवती फिरून वरच्या दिशेला तोंड करते. एका फटक्यात सगळं होतं. या फटक्याला डुफेक म्हणतात. मिलो डुफेक हा चेकोस्लोव्हाकियाचा खेळाडू. १९५३ साली इटलीतल्या मेरानोला झालेल्या जागतिक स्पर्धेत हा फटका जगाने पाहिला. डुफेक स्वतः मायदेशी परतला नाही, स्वित्झर्लंडला गेला. त्याआधी धावत्या पाण्यात होडी वळवायची म्हणजे उलटं वल्हवून तिचा वेग मोडायचा, असाच बहुतेकांचा रिवाज होता. डुफेकने वेग मोडला नाही. पातं पाण्यात रोवलं आणि अंग, होडी, सगळं त्या पात्याकडे ओढून नेलं. पाण्याशी झगडण्यापेक्षा पाण्यातच एक टेकू शोधायचा, ही त्यातली कल्पना, आणि ती मला त्या काळातल्या कुठल्याही यांत्रिक शोधाइतकी मोलाची वाटते.

ख्यालात तान कितीही वेगात असली तरी सम कुठे आहे हे ज्या गायकाला ठाऊक असतं, त्याचं गाणं आपण निर्धास्त ऐकतो. हिचं चालवणं मी तसं निर्धास्त बघतो. पुढची एडी कुठे आहे हे तिला प्रत्येक क्षणी माहीत असतं, आणि जिथून पुढची एडी दिसत नाही तिथून ती खाली उतरत नाही. चिंचोळ्या ओढ्यात तर हा नियम आणखी कडक होतो, कारण तिथली एडी कित्येकदा एका होडीपुरतीच असते. पुढची होडी बाहेर पडून पार होईपर्यंत मागच्याने वरच थांबायचं. एकाच वेळी तिघे उतरले आणि पहिला अडकला, तर मागचे दोघे त्याच्यावर जाऊन आदळतात. मदत करायला मग कुणी उरत नाही.

एडीत थांबून ती मान वळवून खाली बघते. सगळं दिसत असेल तर तिथूनच ठरवते. दिसत नसेल तर होडीतून उतरते, होडी काठावर ओढते आणि चालत खाली जाते. बघ्यांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला तो फार आवडतो. ती थेट खळाळाच्या पायथ्याशी जाते आणि तिथून वर तोंड करून बघते. वरून पाहताना पायरीची फक्त कड दिसते, तिच्यामागे काय आहे ते झाकलेलं राहतं. खालून पाहिलं की पायरी, तिच्याखाली उलटणारं पाणी, धोंड्याच्या पोटातली कपार, सगळं उघडं पडतं. कधी ती एखादी काटकी धारेत टाकते आणि काटकी कुठे जाते, किती वेळ एका जागी घुमते, ते बघते. पाणी कुठे जातंय आणि आपल्याला कुठे जायचंय, या दोन्हींची उत्तरं मिळाली की बहुतेक लोक परत फिरतात. ती आणखी थोडा वेळ उभी राहते. होडी उलटली, हातातून सुटली, तर मी वाहत कुठे जाईन, हे तिला बघायचं असतं. त्याचं उत्तर वाईट निघालं तर ती होडी खांद्यावर घेते आणि काठाने चालत पलीकडे जाते. सोबतचे कुणी काही बोलत नाहीत. चांगल्या चमूत अशा नकाराचं कारण विचारत नाहीत, त्यावर चेष्टा तर नाहीच. हा न बोलण्यातला सभ्यपणा मला या खेळाच्या घडणीतला सर्वांत सुसंस्कृत भाग वाटतो. गिर्यारोहणात शिखराजवळून मागे फिरलेल्यांच्या कथा तरी सांगितल्या जातात. इथे चालत गेलेल्याची कथा होत नाही, ती रोजची गोष्ट असते.

आज मात्र ती उतरते.

एडीतून बाहेर पडताना होडीचं नाक वरच्या दिशेलाच असतं, किंचित तिरकं. एवढ्या तिरकेपणावर वाहतं पाणीच होडीला आडवं सरकवून नदीच्या मध्यावर आणून सोडतं. ती वल्हं मारते ते मागे वाहून जाऊ नये एवढ्यापुरतंच. नदी ओलांडायला लागणारा जोर नदीकडूनच घेतला जातो. मग नाक सावकाश खाली फिरतं आणि दोन धोंड्यांमधली वाट समोर येते. तिथे पाणी गुळगुळीत, काळसर असतं आणि त्याचा एक त्रिकोण होतो. त्रिकोणाचं टोक प्रवाहाच्या दिशेला, खाली असेल तर ती वाट. टोक वर, आपल्याकडे असेल तर त्या टोकाशी दगड आहे. पाण्याखाली दडलेला असला तरी आहे. कुंडलिकेच्या पात्रात दुसऱ्या प्रकारचे त्रिकोण पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट पाण्यात झिजून गोल होतो, त्यामुळे पाणी त्याच्यावरून फार आवाज न करता चढून जातं आणि लांबून दगड आहे हे कळतच नाही.

इथे उजव्या काठाच्या झाडाकडे लक्ष द्या. मुख्य धार सगळी तिकडेच ओढते आहे. आणि ती तिकडे एकदाही बघत नाही. होडी आपली नजर जाईल तिकडे जाते, हे शिकवणारे शिकवतात आणि ते खरं आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. झाडाचा विचार तिने वरच्या एडीत असतानाच केलेला आहे. तिथेच तिने डावीकडचा कोन पकडला. पाण्यात बुडालेल्या फांद्या ही धावत्या नदीतली सर्वांत कपटी जागा. पाणी त्यांच्यातून निघून जातं, माणूस अडकतो, आणि मागून येणारं पाणी त्याला दाबत राहतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. गुडघाभर वाटणारं पाणी मोठ्या माणसाला फांदीवर असं चिकटवून ठेवू शकतं की त्याला हातही सोडवता येत नाही. कुणी लावून ठेवलेलं मासेमारीचं जाळं, तुटलेल्या कुंपणाची तार, यांचंही तेच. कधी टाळणं अशक्यच झालं, होडीतून पडून माणूस फांदीकडे वाहत निघाला, तर पाय पुढे करून जायचं नाही. उलटं वळून, त्या फांदीच्या दिशेनेच जोरात पोहून, तिच्यावर छातीने चढायचं. होडी आडवी होऊन धोंड्यावर आदळली तरी तसंच: अंग धोंड्याकडे झुकवायचं, त्याला कवटाळायचं. धोंड्यापासून दूर कललं की पाणी होडीत शिरतं आणि होडी धोंड्याला गुंडाळली जाते. जिथून पळावंसं वाटतं त्याच्याकडेच जाण्याची ही शिस्त अंगात मुरलेली असते तेव्हाच माणूस चेहऱ्यावर एवढी शांतता ठेवून उतरू शकतो.

आणि आता ती पायरी.

पायरीवरून पडणारं पाणी तळापर्यंत जातं, पुढे थोडं जाऊन वर उसळतं, आणि त्यातलं काही पुढे निघून जातं तर काही मागे, पायरीच्या पायाशी परत येतं. या उलट येणाऱ्या पाण्यात अडकलेली वस्तू तिथेच गिरक्या घेत राहते. होडीवाले याला 'होल' म्हणतात. वरून पाहताना होलची दोन्ही टोकं पुढे, प्रवाहाच्या दिशेला झुकलेली असतील तर त्यात सापडलेला माणूस कडेने बाहेर फेकला जातो. टोकं मागे, आपल्याकडे वळलेली असतील तर ते होल पकडून ठेवणारं असतं. आमच्या खळाळातलं होल पहिल्या जातीचं आहे, म्हणूनच मी इथे बसून रसास्वादाच्या गोष्टी करू शकतो. तिसरी जात आहे ती मात्र माणसाच्या हातची. नदीवरचा बंधारा. आपल्याकडे नदीनदीवर कोल्हापुरी बंधारे आहेत आणि भरल्या नदीत ते फार निरुपद्रवी दिसतात: एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ, एकसारखी, सुबक धार. त्या एकसारखेपणातच मरण आहे. होलला टोकं नाहीत, दोन्ही बाजूंना भिंत आहे, बाहेर पडायला जागा नाही. जगभरचे बचावपथकवाले अशा बंधाऱ्यांना बुडवण्याचं यंत्र म्हणतात. सुंदर खळाळ आणि सुंदर दिसणारा बंधारा यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने नदीत उतरू नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

पायरीच्या कडेवर ती आयुष्यातला सर्वांत नेमका फटका मारते, असं मला दर वेळी वाटतं. इतका वेळ वल्हं कमीत कमी चाललं होतं. आता, होडीचं नाक कडेच्या बाहेर डोकावतं त्याच क्षणी, एक लांब, खोल, संथ ओढ. गुडघे वर, अंग पुढे. नाक खाली न जाता आडवंच राहतं, होडी पाण्यावर सपाट उतरते आणि होलच्या पलीकडे जाते. याला 'बूफ' म्हणतात. फटका अर्धा क्षण आधी झाला तर त्याचा जोर कडेपर्यंत टिकत नाही; अर्धा क्षण नंतर झाला तर पातं फेसात पडतं, आणि फेसात हवा जास्त, पाणी कमी, म्हणून हाताला काही लागतच नाही. होडीही फेसात कमी तरंगते. याच कारणाने बूफची जागा पांढऱ्या पाण्यात नसते. पायरीवर जिथे पाणी शेवटचं हिरवंकाळं, घट्ट असतं, तिथे ती असते. ती जागा वल्ह्याच्या पात्याहून फार मोठी नाही. तिला ती वरच्या एडीत, काठावरून चालताना, काटकी टाकताना सापडलेली असते. अर्ध्या मिनिटातल्या त्या एका फटक्यासाठी आधीची सगळी निवांत पाहणी चाललेली होती.

मग डाव्या काठाचा धोंडा, त्याच्याआडची एडी, पुन्हा तो डुफेक, आणि ती थांबते. टाळ्या वाजवणाऱ्यांकडे ती बघत नाही. होडी वर वळवते आणि मागून येणाऱ्याकडे बघत राहते. इथे मला या परंपरेतली एक खूण फार भावते. खालचा माणूस वरच्याला वल्ह्याने वाट दाखवतो तेव्हा नेहमी सुरक्षित बाजूच दाखवायची असा संकेत आहे. धोक्याकडे कधीही बोट करायचं नाही, कारण पाण्याच्या आवाजात, फेसाच्या उडण्यात, खूण पाहणारा त्या दिशेलाच जाणार. आडवं धरलेलं वल्हं म्हणजे थांब. उभं धरलेलं म्हणजे ये. शिट्टी वाजली की सगळ्यांनी बघायचं. याहून जास्त शब्द लागत नाहीत.

तिच्या कमरेशी एक पिशवी असते, तिच्यात पंधरा-वीस मीटर तरंगणारी दोरी. पाण्यात पडलेल्याला आधी हाक मारायची, त्याने वर बघितलं की पिशवी त्याच्या अंगावरून पलीकडे टाकायची. त्याने दोरी छातीशी धरून पाठ प्रवाहाकडे करायची, दोरी खांद्यावरून घ्यायची. मनगटाला गुंडाळायची नाही, कमरेला बांधायची नाही. दोरी सोडता आलीच पाहिजे. होडीतून पडलेल्याने धावत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नये, हे तर पहिल्या दिवशी सांगतात आणि पहिल्या दिवशीच लोक विसरतात. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला की पाणी अंगाला पुढे वाकवतं आणि कमरेएवढ्या पाण्यात माणूस बुडतो. पाठीवर तरंगायचं, पाय वर, पुढे, पाण्याच्या पृष्ठाशी. काठाजवळ निवांत पाणी दिसलं की पालथं होऊन जोरात पोहायचं. लाइफ जॅकेट सैल असेल तर ते गळ्याभोवती वर चढतं आणि माणूस त्याच्याखाली राहतो. हेल्मेटबद्दल वेगळं सांगायला नको.

होडीतून न उतरता, पालथ्या अवस्थेतून परत सरळ होण्याची रोल ही युक्ती मूळ ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांची. त्यांच्या समुद्रात होडीबाहेर पडणं म्हणजे मृत्यूच होता, म्हणून ती त्यांची गरज होती, करामत नव्हती. युरोपीयांमध्ये ती पहिल्यांदा साधली ती ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटा याने, १९२७ मध्ये. त्याच वर्षी भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण कुंडलिकेच्या काठावर बसून दोन्ही आठवल्याशिवाय राहत नाहीत.

कारण हे पाणी कुंडलिकेचं नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला मुळा नदी अडवून मुळशीचं धरण झालं. तिचं पाणी स्वाभाविक वाटेने पुण्याकडे, भीमेतून कृष्णेला आणि मग बंगालच्या उपसागराला गेलं असतं. ते बोगद्याने पश्चिमेला वळवलं, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडलं, वीज केली आणि कोकणातल्या नदीत टाकलं. रवाळज्याच्या तळ्यातून ते सकाळी सुटतं, म्हणून ऐन उन्हाळ्यातही, पलीकडच्या नद्यांची वाळू उघडी पडलेली असताना, इथे होडी चालते. त्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी. लढा १९२४पर्यंत चालला आणि हरला. पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरं, देवळं, घरं पाण्याखाली गेली. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. आज आपण ज्या पाण्यावर हसत, ओरडत, फोटो काढत जातो ते हे पाणी. मला त्यावर वल्हवणं अयोग्य वाटत नाही. पण ज्या गाइडला ही हकीकत ठाऊक असते आणि राफ्ट पाण्यात ढकलण्याआधी जो ती दोन वाक्यांत सांगतो, त्याच्या राफ्टमध्ये बसणं मी केव्हाही पसंत करीन.

पाण्याचा आदर म्हणजे काठावरच्या माणसांचा आदरही आला. कपडे धुणाऱ्या बायका, गुरं पाण्यावर आणणारी मुलं, जाळं लावणारा कातकरी यांच्यासाठी ही खेळाची जागा नाही, रोजच्या कामाची जागा आहे. माझी आवडती चालवणारी कुणाच्या शेतातून उतरायचं असेल तर बांधावरच्या माणसाला आधी विचारते, "मामा, इथून खाली जाऊ का?" जाळं दिसलं तर लांबून वळसा घेते. बायका पाण्यात असतील तर थांबते, त्यांचं होईपर्यंत. आणि त्या बदल्यात तिला जे कळतं ते कुठल्या नकाशावर नसतं: मागच्या पुरात कुठलं झाड पडलं, आज पाणी किती वाजता सुटलं, कुठल्या कोंडात सध्या कुणी उतरत नाही. नदीची सर्वांत ताजी बातमी काठावर राहणाऱ्यांकडेच असते. मोठ्याने गाणी लावून जाणाऱ्या राफ्टला ती मिळत नाही.

कुंडलिकेला निदान घड्याळ आहे. पावसाच्या ओढ्याला नाही. उभ्या उताराचा, चिंचोळा ओढा वल्हवण्याची कला भारतात बघायची तर पावसाळ्यात केरळात जावं. कोझिकोड जिल्ह्यातल्या कोडंचेरीजवळ चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या नद्यांवर २०१३पासून मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो, तिथे देशोदेशीचे कयाकवाले येतात. तिथे बूफ बघावा, एडीतून एडीत उड्या घेणं बघावं. पण तिथल्या जाणत्यांची नजर सगळ्यात जास्त कुठे असेल तर ती पाण्याच्या रंगावर. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, वरून पानं-काटक्या वाहत येऊ लागल्या, काठच्या दगडावरची ओलीची रेघ चढू लागली, आवाज जड झाला, की डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडलेला आहे. तेव्हा ओढा सोडून वर चढायचं, होडी राहिली तरी चालेल. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते होडीत नव्हते, पोहत नव्हते, नुसते पाण्यात उभे होते आणि पाणी वाढलं. सह्याद्रीतला प्रत्येक ओहोळ हे करू शकतो.

तिचं उतरणं मी सर्वश्रेष्ठ का म्हणतो, तर त्यात एकही फटका दाखवण्यासाठी मारलेला नसतो. याहून मोठ्या पायऱ्या मारणारे, हवेत गिरक्या घेणारे मी पाहिले आहेत आणि त्यांचं कौशल्य निर्विवाद आहे. पण त्यांच्यात आणि पाण्यात कुणीतरी तिसरा, बहुधा कॅमेरा, उभा असतो. हिच्या बाबतीत जी ओळ सुंदर तीच सुरक्षित असते, कारण दोन्ही एकाच पाहणीतून निघालेल्या असतात.

कोलाडला जाणार असाल तर बुकिंग करताना दोन गोष्टी नक्की विचारा: राफ्टच्या सोबत सेफ्टी कयाक असते का, आणि पाणी जास्त असेल तर तुम्ही फेरी रद्द करता का. दुसऱ्या प्रश्नाला कुणी 'आमची फेरी कधीच रद्द होत नाही' असं अभिमानाने सांगितलं, तर पैसे भरू नका, दुसरीकडे चौकशी करा.